खळदकर मास्तर आणि बांबूच्या रांगा

खळदकर मास्तर कोणत्याही नव्या जागेत शिरले की आधी एक टाळी वाजवत. जोराची, कोरडी, एकच. मग मान डावीकडे झुकवून ऐकत. लग्नाचा मांडव असो, कोणाचं नवं घर असो, धान्याचं कोठार असो, टाळी चुकायची नाही. बारामतीच्या कचेरीत शाळेच्या कामासाठी गेले तेव्हा दारातच त्यांनी टाळी वाजवली. साहेबांनीच बोलावलं असं समजून पट्टेवाला धावत आला. मास्तर त्याला म्हणाले, "तुम्हाला नाही हो, भिंतीला." पट्टेवाल्याने भिंतीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून तो त्यांना वाट सोडून नमस्कार करू लागला.

मी कामं मुद्दे लिहून करणारी बाई आहे. या लेखासाठीही मुद्दे काढले: जन्म, शिक्षण, घरची माणसं, स्वभाव, शेवट. पहिल्या तिन्हींपुढे लिहिण्यासारखं फारसं निघालं नाही. इंदापूरचे होते. ट्रेनिंग झालेले होते. बायको लवकर गेली होती आणि इंदापूरच्या घरी थोरली विधवा बहीण होती, तिला सगळे अक्का म्हणत. एवढं पुरे. बाकीचा माणूस या माहितीत सापडत नाही.

१९३० नंतरच्या त्या वर्षांत मी बारामतीला मुलींच्या शाळेत खालचे वर्ग शिकवत होते. शिवणही माझ्याकडे होतं. सहावी आणि सातवी मास्तरांकडे. उंच, काटकुळे, काळी टोपी, आणि उन्हाळ्यातही अंगात कोट, कारण त्यांना खिसे लागत. त्या खिशांत सुतळीचं गुंडाळं, लाकडी फूटपट्टी आणि बांबूच्या पेरांच्या लहानमोठ्या शिट्ट्या असत. शिट्ट्या त्यांनी स्वतः तासलेल्या होत्या. आखूड पेर म्हणजे बारीक आवाज, लांब पेर म्हणजे जाड आवाज. वर्गात एखादी मुलगी फारच पेंगायला लागली की ते तिच्या कानाशी आखूड शिट्टी वाजवत. पण स्वतःचा आवाज कधी चढवत नसत. मागच्या रांगेतल्या मुलीला ऐकू येईल तेवढाच तो असे, त्यापुढे इंचभरही नाही. रागावले की बोलणं थांबवून बाहेर जात आणि काहीतरी मोजायला लागत. पडवीच्या खांबांमधलं अंतर त्यांनी अशा रागाच्या भरात कितीदा मोजलं असेल, सांगता येणार नाही.

माझ्या शिवणाच्या तासाला ते दारात उभे राहत आणि एखादीच्या हातातलं कापड घेऊन उजेडाकडे धरत.

"बाई, टाके बारीक आहेत. पण अंतर सारखं नाही."

"मास्तर, पोलक्याच्या आतल्या बाजूला कोण बघतंय?"

"बघण्याचा प्रश्न नाही. अंतर सारखं असलं की वस्तू मिळून काम करतात. नसलं की जो तो आपापलं."

मला राग यायचा. पण मुली त्यानंतर टाके सारखे घालू लागल्या, हेही लिहायला हवं.

सहलीला मुलींना कुठे न्यायचं असा प्रश्न निघाला तेव्हा मास्तरांनी नरसिंहपूर सुचवलं. सर्व्हिस मोटारने इंदापूर, अक्कांकडे मुक्काम, सकाळी बैलगाड्या. मी कोण कोणत्या गाडीत बसणार ते ठरवून दिलं आणि शिधा बांधून घेतला. सगळ्यांना वाटलं की मास्तर देवाच्या निमित्ताने नेतायत. दर्शन झालं, प्रसाद झाला, आणि मग मास्तर मुलींना घाटाच्या पायऱ्या उतरवून थेट खाली वाळवंटात घेऊन गेले. पाणी आटलेलं होतं. नदीकडे पाठ करून सगळ्यांना पायऱ्यांकडे तोंड करायला लावलं.

"आता कोणी श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ नका," असं म्हणून त्यांनी टाळी वाजवली.

समोरून टाळी परत आली नाही. 'च्यूं' असा एक आवाज आला, बारीकातून जाड होत घसरणारा.

"चिमणी हाय तितं!" एक मुलगी ओरडली.

मास्तरांनी पुन्हा टाळी वाजवली. पुन्हा चिमणी. मग सगळ्या मुलींना टाळ्या वाजवायच्या होत्या. वर एक वयस्कर पुजारी हा प्रकार बघत उभे होते. ते म्हणाले, "मास्तर, टाळ्या देवापुढं वाजवायच्या. नदीत कशाला?"

"देवापुढे वाजवून आलो, काका. या टाळ्या पायऱ्यांसाठी."

मग त्यांनी सांगितलं. टाळी एकच, पण ती प्रत्येक पायरीवर आपटते आणि प्रत्येक पायरी तिचा एक छोटा तुकडा परत पाठवते. पहिल्या पायरीचा तुकडा आधी, दुसरीचा जरा मागून, तिसरीचा आणखी मागून. पायऱ्या सारख्या, म्हणून तुकड्यांमधला वेळही जवळजवळ सारखा. आणि सारख्या वेळाने, घाईघाईने आलेल्या ठोक्यांचा कानाला सूर होतो. वरच्या पायऱ्यांवरून येणारे तुकडे जरा सावकाश येतात, म्हणून सूर उतरत जातो.

"आन् पायऱ्या लहानमोठ्या आसत्या तर?" हा प्रश्न जैतूनने विचारला.

मास्तर इतके खूश झाले की त्यांनी तिला खिशातली सगळ्यात आखूड शिट्टी देऊन टाकली. "तर टाळीचा नुसता चुरा परत आला असता," ते म्हणाले.

जैतून सहावीत होती, सातवीत जायची होती. अंगाने किरकोळ, कानाने तिखट. तिचे वडील हुसेनभाई यांची लाकडाची वखार आमच्या शाळेच्या पाठीला पाठ लावून होती. मुलीने सातवी पास व्हावं, ट्रेनिंगला जावं, मास्तरीण व्हावं ही हुसेनभाईंची इच्छा होती, आणि ती ते लपवत नसत. त्यांच्या घरातल्या बाया नाकं मुरडत. हुसेनभाई म्हणत, "मला अक्षर न्हाय. घरात एक तरी वाचणारं पायजे का न्हाय?"

आता त्या वखारीविषयी सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथून झालं.

आमची शाळा भाड्याच्या घरात. सातवीला जागा नव्हती म्हणून ती मागच्या पडवीत बसे. वर पत्रा, तीन बाजूंनी भिंत, चौथी बाजू वखारीकडे उघडी. त्या उघड्या बाजूने येणारा वारा हाच काय तो दिलासा. हुसेनभाईंनी त्याच सुमारास ऑइल इंजिन आणून त्यावर गोल करवत बसवली. इंजिनाची फटफट आम्हाला चालली असती. गाड्यांची, बैलांची, बाजाराची सवय होतीच. पण करवतीचा जो एक बारीक, लांबलचक किंचाळा निघे, तो सरळ डोक्यात घुसे. मुलींना मास्तरांचे ओठ हलताना दिसत. मास्तर आवाज चढवायला तयार नव्हते. ते लिहून दाखवत.

हुसेनभाईंना संकोच वाटे. कुंपणापाशी येऊन म्हणत, "मास्तर, तुमच्या पोरींचं पाडं मला पाठ झालं. माझी करवत तुमाला पाठ झाली का?"

"झाली, हुसेनभाई. परीक्षेला विचारा."

"बंद ठिवली आसती वो. पर काम घेतलंय."

त्यांची एक रीत होती. गल्लीतून मयत निघाली, किंवा कोणी मोठा माणूस दारावरून जाणार असला, की ते आपल्या माणसाला सांगून इंजिन अगदी हळू करत. पूर्ण बंद करत नसत, कारण ते पुन्हा चालू करायचं म्हणजे दिवा लावून इंजिनाचं डोकं तापवत बसावं लागे. हळू करणं हा त्यांचा आदर होता. दुसरा कोणी टोपी काढेल, तसं ते इंजिन उतरवत.

शाळा खात्याचे साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांनी पडवीत बसून पाहिलं आणि शेरा दिला की ही जागा शिकवायला अयोग्य आहे. पुढच्या भेटीपर्यंत सुधारणा झाली नाही तर सातवी बंद करावी लागेल. दुसरी जागा घ्यायला मंजुरी नाही. मी साहेबांना विचारलं, "करवत शाळेच्या वेळात बंद ठेवली तर?" ते म्हणाले, "आज ठेवतील, उद्या ठेवतील, परवा? मी येईन तेव्हा करवत चालू हवी. चालू असताना शिकवता येतं का, तेवढं मला पाहायचं."

हे अयोग्य नव्हतं. मला अजूनही ते अयोग्य वाटत नाही.

सातवी बंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळणार नाही. सहावीला पुढे काही नव्हतं. सातवीची परीक्षा पास झालेली मुलगी ट्रेनिंगला जाऊ शके, पगार मिळवू शके. मुलांच्या शाळेत मुली पाठवणारं घर तेव्हा आमच्या गल्लीत एकही नव्हतं. त्या पडवीतून एवढीच वाट बाहेर जात होती.

भिंत घाला, असं सगळ्यांनी सुचवलं. पण पत्र्याखाली चारही बाजूंनी कोंडलं तर मुली भाजून निघतील आणि अंधारात बसतील. गोणपाटाचे पडदे लावून पाहिले. वारा थांबला, किंचाळा थांबला नाही. मग मास्तर एका दुपारी भजनी मंडळाची पेटी उचलून घेऊन आले. तोवर सातवीत आलेल्या जैतूनने भाता हलवला आणि मास्तर करवतीच्या सुराशी एकेक पट्टी जुळवून पाहू लागले. करवत पेटीच्याही वरच्या सप्तकात होती. त्यांनी एक सप्तक खाली उतरून काळी पाच धरली, मान हलवली आणि पाटीवर गणित केलं. अमुक सूर म्हणजे हवेत अमुक लांबीची लाट. तिच्या निम्मं म्हणजे पाच बोटं.

"बाई," ते मला म्हणाले, "बांबू लागतील. बरेच. आणि बुरुडाकडून नको, तो आपल्या अंदाजाने रोवेल."

मी हिशेबाची पहिली गोष्ट विचारली. "भिंत नाही, तर बांबूंनी आवाज कसा अडणार? मधून सगळी फटच फट."

"अडणार नाही. परत जाईल." मग त्यांनी मला घाटाची आठवण दिली. एका बांबूने काही होत नाही. एका रांगेनेही फार नाही. पण एकामागे एक रांगा, आणि प्रत्येक दोन रांगांमध्ये पाच-पाच बोटांचं अंतर. प्रत्येक रांग थोडासा आवाज मागे पाठवते. लाटेची लांबी आणि रांगांचं अंतर जुळलं, तर ते सगळे परत जाणारे तुकडे झिम्म्यातल्या टाळ्यांसारखे एकमेकांवर बरोबर पडतात, एकमेकांना बळ देतात, आणि पुढे यायला काही उरत नाही. लांबी जुळली नाही, तर ते तुकडे एकमेकांना खोडतात आणि आवाज जसा आला तसा पुढे निघून जातो.

"म्हणजे सगळं शांत नाही होणार?"

"मुळीच नाही. इंजिन ऐकू येईल, बैल ऐकू येतील, हुसेनभाईंच्या शिव्या ऐकू येतील. तो एक सूर तेवढा येणार नाही. वाऱ्याला तर पत्ताही लागणार नाही."

फळ्या हुसेनभाईंनीच दिल्या. एक तळाला, एक पत्र्याखाली. त्यांना मास्तरांनी आखून दिलेल्या खुणांवर भोकं पाडली तीही वखारीतच. बांबू शेळगावहून एका मुलीच्या बापाने गाडीभर आणून टाकले. जाडीला सारखे निवडायला मी बसले. पहिल्या फळीवर सुताराने दोन भोकांच्या मधली जागा पाच बोटं धरली. मास्तरांनी ती बाजूला ठेवायला लावली. एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पाच बोटं हवी होती. हुसेनभाई म्हणाले, "मास्तर, बोटभर हिकडं का तिकडं, करवतीला काय कळतंय?"

"करवतीला नाही कळत. लाटेला कळतं."

पडवीची उघडी बाजू अशी बांबूच्या रांगांनी भरली, तळापासून पत्र्यापर्यंत. लांबून पाहिलं तर ज्वारीची ताटं दाट उभी असावीत तसं दिसे. वारा आरपार येई. मुली बसल्या. वखारीत करवत सुरू झाली. इंजिनाची फटफट आली, पट्ट्याची सळसळ आली, लाकडावर दात लागताना होणारी खरखर आली. किंचाळा जवळजवळ आला नाही. कुठेतरी शेतापलीकडे असावा इतका लांब गेला. मुली तोंडावर हात ठेवून एकमेकींकडे पाहू लागल्या. मास्तरांनी फळा पुसला आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात अपूर्णांक सुरू केले.

नंतर त्यांनी मुलींकडून खात्री करून घेतली. जैतून बाहेर वखारीच्या बाजूला उभी राहून एकेक शिट्टी वाजवी, आत मुली ऐकत. सगळ्यात आखूड शिट्टी ऐकू आली. सगळ्यात लांब ऐकू आली. मधली एक वाजली तर आतल्यांना वाटलं, पोरगी फुंकायची विसरली. "वाजीवली वो मास्तर, गाल दुखलं माझं!" ती बाहेरून ओरडली, आणि तिचं ते ओरडणं मात्र स्वच्छ आत आलं.

पुढे तर मुलींचा खेळच झाला. बाभळीचा जाड ओंडका करवतीखाली आला की इंजिनावर जोर पडे, करवत जरा मंद होई, सूर उतरे आणि क्षणभर पडवीत शिरे. "बाभूळ!" एखादी म्हणे. पुन्हा वेग धरला की सूर नाहीसा. जैतून डोळे मिटून कडुनिंब आणि बाभूळ यांतला फरक सांगत असे. मास्तर तिच्याकडे नुसते पाहत राहत. एकदा मला म्हणाले, "ही शिकवेल तेव्हा माझ्यापेक्षा चांगलं शिकवेल." असं ते दुसऱ्या कोणाविषयी म्हणाल्याचं मी ऐकलं नाही.

बांबू लागल्यापासून साहेबांच्या भेटीपर्यंत आमच्या गल्लीतून मयत गेली नव्हती. तेव्हा इंजिन हळू केलं तर काय होतं, हे कोणाच्या ध्यानात येण्याचं कारण नव्हतं.

साहेब आले त्या दिवशी सगळं जागच्या जागी होतं. मुलींचे केस विंचरलेले, फळा धुतलेला, पाण्याचा माठ भरलेला. साहेब पडवीत खुर्चीवर बसले. मास्तरांनी जैतूनला वाचायला उभं केलं. वखारीत इंजिन सुरू झालं. मग करवत.

आणि आवाज आत आला. रोजच्यापेक्षा जाड, सावकाश, ओढल्यासारखा, पण पुरता आत आला. बांबू जणू तिथे नव्हतेच. मुलींनी माना वर केल्या. कोणी "बाभूळ" म्हटलं नाही, कारण तो सूर पुन्हा वर चढेना. तो तसाच खाली राहिला.

जैतून वाचायची थांबली. हळूच म्हणाली, "अब्बानी इंजिन उतरावलं."

साहेबांनी बांबूंकडे पाहिलं. "हाच तो उपाय?"

मास्तर म्हणाले, "साहेब, ही रोजची करवत नाही. वेग कमी केलेला आहे. वेग वाढवला की ऐकू येणार नाही."

"म्हणजे मोठ्याने चालवली की कमी ऐकू येईल?"

"मोठ्याने नाही. जलद. सूर बदलतो."

साहेब हसले. वाईट हसणं नव्हतं ते. "मास्तर, हे मी वर काय म्हणून लिहू?"

तेव्हा मास्तर उठले आणि पडवीच्या बाजूने कुंपणापाशी गेले. मी मागून गेले. पलीकडे हुसेनभाई स्वच्छ सदरा घालून उभे होते आणि इंजिनापाशी बसलेल्या माणसाला हाताने 'हळू, हळू' करत होते. आम्हाला पाहून त्यांनी अभिमानाने मान डोलावली. मास्तर ओरडले, "हुसेनभाई! जोरात चालवा! जोरात!"

मास्तरांना ओरडताना बारामतीत कोणी ऐकलं नव्हतं. हुसेनभाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, एवढं हळू केलं तरी आवाज होतोय म्हणून मास्तर संतापून उलटं बोलतायत. त्यांनी धावत जाऊन इंजिन बंदच करायला लावलं आणि हात जोडून कुंपणापाशी आले.

"चुकी झाली, मास्तर. सायबापुढं एवढा बी आवाज नगं व्हता."

"हुसेनभाई, मी रागावलो नाही. चालू करा. रोजच्यासारखी चालवा."

"आता न्हाय करत. तुमी कितीबी बोला, सायेब जाईस्तवर न्हाय करत. मला का कळत न्हाय व्हय?"

मास्तरांनी पुन्हा सांगितलं, मीही सांगितलं. अखेर हुसेनभाईंनी नाइलाजाने माणसाला खूण केली. पण इंजिनाचं डोकं तापायला वेळ लागणार होता, आणि साहेबांची मोटार इंदापूरच्या रस्त्याला उभी होती. तिकडच्या शाळा त्याच दिवशी पाहायच्या होत्या. जाताना त्यांनी एका बांबूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "काम सुबक केलंय." त्यांची मोटार निघून गेल्यावर करवत सुरू झाली आणि पडवीत किंचाळा आलाच नाही. जैतूनने ती वाचत होती तो धडा, कोणी सांगितलं नसताना, शेवटपर्यंत वाचून काढला.

दिवाळीच्या सुट्टीनंतर सातवी भरवू नये असा हुकूम आला. मास्तरांनी दोनदा अर्ज केला. उत्तर आलं नाही. मग त्यांनी मुलींना सकाळी आपल्या खोलीवर बोलावलं. दोघी-तिघी येत. हुसेनभाईंनी जैतूनला पाठवलं नाही. शाळा वेगळी आणि एकट्या पुरुषाची खोली वेगळी, असं ते म्हणाले, तेही फार ओशाळून. थोड्या महिन्यांत मास्तरांची इंदापूरला बदली झाली.

जायच्या आधी त्यांनी बांबू काढले. आम्ही दोघांनी ते उपसून मोळ्या बांधल्या. मी म्हटलं, "हुसेनभाईंना सांगायला हवं."

"काय?"

"त्यांनी इंजिन हळू केलं म्हणून झालं हे."

"हळू कोणासाठी केलं त्यांनी?"

"आपल्यासाठी. पण खरं ते खरं."

मास्तर मोळीची गाठ आवळत होते. "त्या करवतीवर त्यांचं घर चालतं, बाई. रोज सकाळी ती सुरू होणार. हे एकदा कळल्यावर रोज त्यांना काय ऐकू येईल?"

"कळलं तर कदाचित जैतूनला पाठवतील. बाहेरून परीक्षेला बसवतील."

त्यांनी पुढची मोळी जवळ ओढली. मग म्हणाले, "दंड भरल्यासारखं पाठवतील. तिने दंडावर शिकायचं?"

मला ते पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. पण ज्या माणसाने भोकांमधल्या बोटभर फरकासाठी फळी टाकून दिली होती, त्याने हे उगाच म्हटलं नसणार, म्हणून मी हुसेनभाईंना काही सांगितलं नाही. आमच्या शाळेत सातवी पुन्हा सुरू झाली तेव्हा जैतून दोन मुलांची आई होती.

मास्तर निघाले त्या दिवशी मी मोटारस्टँडवर गेले होते. हुसेनभाई जैतूनला घेऊन आले होते. तिच्या हातात भाकरीची पुरचुंडी होती, मास्तरांच्या वाटेसाठी. माणसं चढत होती, ड्रायव्हर बिडी संपवत होता.

"मास्तर," हुसेनभाई म्हणाले, "मनाला लावून घिऊ नगा. बांबूचं न्हाय जमलं, न्हाय जमलं. तुमी माझ्या पोरीसाठी केलं, एवढं मला पुरं हाय."

मास्तर म्हणाले, "गणित चुकलं माझं, हुसेनभाई."

"चुकतंय वो. माणूसच हाय."

"हो. चुकलं."

जैतून म्हणाली, "अब्बा, मास्तरांचं गणित बराबर व्हतं."

"ए, गप. गुरुजी सोता म्हंत्यात चुकलं, आन् तू त्येंला उलटं बोलतीस व्हय?"

ती मास्तरांकडे पाहत राहिली. तिला सगळं ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

"वडील सांगतात ते ऐकावं, जैतून," मास्तर म्हणाले. त्यांनी तिच्या हातातली पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली आणि मोटारीत चढले.

हुसेनभाईंनी त्यांची ट्रंक स्वतः टपावर चढवली, दोर आवळला, गाठ ओढून पाहिली, आणि गाडी लासुर्ण्याच्या वाटेला लागून धुळीत दिसेनाशी होईपर्यंत हात वर करून उभे राहिले. मास्तरही खिडकीतून हात हलवत होते, हुसेनभाईंकडे पाहत. शेजारी उभ्या असलेल्या जैतूनकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि तिने हात वर केला नाही.